‘टर्न’ म्हणजे फिरवा? शिलाई मशीनच्या पुस्तिकेतल्या एका पानाचं प्रकरण

तक्रार एका ओळीची होती: ‘पुस्तिकेत लिहिलंय तसंच करतो, तरी कापडाखाली दोरा गुंततो.’ घरगुती शिलाई मशीन बनवणाऱ्या एका कंपनीकडे मराठी पुस्तिका छापून झाल्यावर अशी पत्रं येऊ लागली. इंग्रजी पुस्तिका वापरणाऱ्यांची या बाबतीत काही कुरकुर नव्हती. मशीन तेच, सुई तीच, दोराही तोच. तेव्हा संशय मजकुरावर गेला आणि पुस्तिका तपासायला माझ्याकडे आली.

मी भाषांतरं तपासतो. शिवणकामातली माझी मजल तुटलेलं बटण लावण्यापुरती. म्हणून मी एक अट घातली: हातात सुई-दोरा घेऊन आयुष्य काढलेलं कुणीतरी सोबत हवं. शिवणवर्ग चालवणाऱ्या एक शिक्षिका आल्या. वर्गातल्या मुली त्यांना ‘बाई’ म्हणत, मीही तेच म्हणू लागलो.

वादाचं पान एकच निघालं, ‘सुरुवात करण्यापूर्वी’ या मथळ्याचं. त्या एका पानावर मूळ इंग्रजीत ‘टर्न’ आठ वेळा आला होता. शाळेच्या पहिल्या काही इयत्तांत शिकवला जाणारा हा शब्द. त्यासाठी शब्दकोश उघडायचं कुणाच्या मनातही येत नाही. भाषांतर करणाऱ्यानंही उघडला नसावा. त्यानं बहुतेक ठिकाणी ‘फिरवा’ लिहिलं होतं, आणि जिथे ते कानाला खटकलं तिथे ‘वळवा’.

चाक

बाईंनी मला मशीनसमोर बसवलं, पुस्तिका पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, “वाचा आणि लिहिलंय तेवढंच करा. स्वतःची अक्कल लावू नका.”

पहिली सूचना होती, ‘हाताचे चाक घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरवा.’ वाक्य निर्दोष वाटत होतं. पण मशीनपुढे बसल्यावर ते चाक आपल्याला कसं दिसतं? ते मशीनच्या उजव्या टोकाला असतं आणि बसलेल्या माणसाला त्याची फक्त जाड कड दिसते, टेबलावर उभ्या धरलेल्या नाण्यासारखी. घड्याळाची तबकडी म्हणावी असा त्याचा चेहरा उजवीकडे, बाहेर तोंड करून असतो. मग घड्याळ कुठे आहे अशी कल्पना करायची? मी सुईच्या बाजूने चाकाकडे बघतोय असं मनाशी धरलं, तिथे एक घड्याळ टांगलं, त्याचे काटे उलटे फिरवले आणि चाक माझ्यापासून दूर ढकललं.

“झालं,” बाई म्हणाल्या. “आता पाय चालवा.”

हे मशीन पायाने चालणारं, हवं तर मोटर जोडता येणारं. पायाच्या मशीनला पहिला झटका हातानं चाकाला द्यावा लागतो आणि तो ज्या दिशेने जातो तीच दिशा पुढे पायपट्टी धरून ठेवते. माझं मशीन छान लयीत, अगदी आत्मविश्वासाने उलटं चाललं. चार-पाच टाक्यांनंतर ते अडलं. कापड उचललं तर खाली दोऱ्याची गुंतवळ, फणीत केसांची अडकते तशी.

असं का होतं ते बाईंनी चाक हळूहळू फिरवून दाखवलं. मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा. वरचा सुईतला, खालचा बॉबीनमधला, म्हणजे कापडाखालच्या छोट्या रिळातला. सुई कापडातून खाली जाते, तळाशी पोचते आणि किंचित वर उचलली जाते. त्या किंचित वर येण्यात सगळी जादू आहे. दोरा सैल पडतो आणि सुईच्या मागे एक इवलासा फास तयार होतो. नेमक्या त्या क्षणी खालच्या आकड्याचं (हुकचं) टोक येऊन तो फास पकडतं आणि बॉबीनभोवती फिरवून आणतं. वरचा दोरा खालच्यात अडकला की टाका पडला. सुईचं भोक बुडाशी न ठेवता टोकाशी ठेवायचं आणि दोन दोऱ्यांचा असा टाका घालायचा, या रचनेचं पेटंट अमेरिकेतल्या इलायस हाउ यांना 1846 मध्ये मिळालं आणि आजची घरगुती मशीनंही त्याच तत्त्वावर चालतात. चाक उलटं गेलं की आकडा उलट्या बाजूने येतो, फास त्याच्या टोकाला लागत नाही आणि वरचा सैल दोरा कापडाखाली साचत राहतो.

आता मूळ इंग्रजी पाहिलं. तिथे ‘टर्न द हँडव्हील काउंटरक्लॉकवाइज’ यापुढे कंसात दोनच शब्द होते, ‘टुवर्ड यू’, म्हणजे ‘आपल्याकडे’. मराठीत जागा पुरेना म्हणून मांडणी करणाऱ्यानं कंस काढला होता. एकच गोष्ट दोनदा कशाला सांगायची, असा त्याचा हिशेब. खरं तर त्या वाक्यात उपयोगाचं जे काही होतं ते सगळं कंसातच होतं.

‘घड्याळाच्या दिशेने’ ही आपण ठाम दिशा समजतो. पण बघणारा कुठे उभा आहे ते सांगितल्याशिवाय तिला अर्थ नाही. पृथ्वी उत्तर ध्रुवाच्या वरून पाहिली तर घड्याळाच्या उलट फिरते आणि दक्षिण ध्रुवाच्या बाजूने पाहिली तर सुलट. पृथ्वीनं काहीच बदललेलं नसतं. भूगोलाची पुस्तकं म्हणून ‘पश्चिमेकडून पूर्वेकडे’ असं सांगतात. आमच्या चाकाचंही तेच. उजव्या बाजूला उभं राहून पाहिलं तर ते काट्यांच्या विरुद्ध फिरतं, म्हणजे इंग्रजी वाक्य बरोबरच होतं. पण शिवणारा माणूस उजव्या बाजूला उभा नसतो, समोर बसलेला असतो.

“तुम्ही वर्गात काय सांगता?” मी विचारलं.

“मी ‘फिरवा’ म्हणतच नाही. चाकावर तळवा ठेवा आणि आपल्याकडे ओढा, एवढंच सांगते.”

ओढा! इंग्रजी वाक्यात ओढण्याचा उल्लेखही नव्हता आणि तरी तेच अचूक भाषांतर होतं. चाक फिरतं ते चाकाच्या बाजूने. माणसाच्या हाताला जे करायचं असतं ते ओढणं. पहिली दुरुस्ती अशी झाली: ‘चाकाच्या वरच्या कडेवर तळवा ठेवून ते आपल्याकडे ओढा. उलट ढकलू नका.’

एका ‘व’ची गोष्ट

त्याच पानावर तळाला सावधगिरीची सूचना होती. मराठीत ती अशी छापली होती: ‘चाक फिरवताना त्याला हात लावू नका.’

बाई ते वाचून इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. हात न लावता चाक कसं फिरवायचं, हे त्यांच्या वर्गातल्या एका मुलीनं खरोखर विचारलं होतं म्हणे.

मूळ वाक्य होतं, ‘डू नॉट टच द हँडव्हील व्हाइल टर्निंग.’ इंग्रजीत ‘टर्न’ दोन्ही कामं करतो. चाक आपणहून फिरतं तेव्हाही तो आणि कुणी ते फिरवतं तेव्हाही तोच. संदर्भानं भागतं, आणि इथे भागलं नाही. मराठीत मात्र ‘फिरणे’ आणि ‘फिरवणे’ ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. वळणे-वळवणे, हलणे-हलवणे या जोड्याही तशाच. एक ‘व’ आला की कुणाचा तरी हात आला. म्हणजे भाषांतर करताना तो ‘व’ घालायचा की नाही हे ठरवावंच लागतं, मोघम ठेवून सुटका नाही. ‘चाक फिरत असताना त्याला हात लावू नका’ असं केल्यावर वाक्य शहाणं झालं. मोटर लावलेली असताना बोटं जवळ नेऊ नयेत, एवढाच त्याचा मुद्दा होता.

मराठी लिहिणाऱ्याची ही अडचण मला नेहमी फायद्याची वाटत आली आहे. आपली भाषा इथे आपल्याला आळस करू देत नाही.

पाव फेरा

तिसरी जागा बॉबीन केसवरच्या, म्हणजे बॉबीन जिच्यात बसते त्या डबीवरच्या, बारीक स्क्रूची. खालचा दोरा फार घट्ट येत असेल तर तो स्क्रू किंचित सैल करायचा. इंग्रजीत, पाव ‘टर्न’पेक्षा जास्त नको. इथे ‘टर्न’ नाम आहे. छापलं होतं ‘पाव वळण’.

वळण रस्त्याला असतं, अक्षराला असतं, मुलांना लावायचं असतं, स्क्रूला नसतं. स्क्रूला फेरा असतो किंवा आटा. कारागीर ‘आट्यावर आटा बसला पाहिजे’ म्हणतात तेव्हा ते स्क्रूभोवती गोल गोल चढत जाणाऱ्या धारेबद्दल बोलत असतात, तेव्हा आटा नको. ‘पाव फेरा’ ठरलं.

पण पाव फेरा म्हणजे किती, हे शिकाऊ माणसाला कसं दाखवायचं? मी मोठ्या हुशारीने लिहिलं: ‘स्क्रूची उभी खाच आडवी होईपर्यंत फिरवा.’ नव्वद अंश झाले, चित्र डोळ्यासमोर आलं, मी खूश. बाईंनी स्क्रूड्रायव्हर घेतला, खाच आडवी केली आणि मला दाखवली. बरोबर. मग पुन्हा उभी करून दुसऱ्या बाजूने आडवी केली आणि दाखवली. अगदी तशीच! खाचेला डोकं-शेपूट नसतं. पाव फेरा उजवीकडे दिला काय आणि डावीकडे दिला काय, शेवटी दिसणारं दृश्य एकच. माझ्या सूचनेनं निम्म्या लोकांनी सैल करायचा स्क्रू घट्ट केला असता.

मजा अशी की चाकाच्या बाबतीत निरुपयोगी ठरलेलं घड्याळ इथे चोख कामाला आलं. स्क्रूकडे आपण नेहमी त्याच्या डोक्याकडूनच बघतो, दुसरी बाजू नसतेच. म्हणून अंतिम वाक्य झालं: ‘सैल करण्यासाठी स्क्रू घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवा, उभी खाच आडवी झाली की थांबा.’ सगळेच स्क्रू असे वागत नाहीत हेही खरं. सायकलच्या डाव्या पेडलला उलटे आटे असतात आणि तिथे हा नियम लावणारा माणूस पेडल सोडवायला जाऊन आणखी आवळून बसतो. आमच्या पुस्तिकेत पेडल नव्हतं, त्यामुळे तो विषय तिथेच सोडला.

उजवी बाजू बाहेर

कापडाच्या सूचनांमध्ये तर ‘टर्न’नं धुमाकूळ घातला होता. कोपरा शिवताना सुई कापडात खाली रुतवून ठेवायची, कापड दाबणारा पाय वर उचलायचा आणि ‘टर्न द फॅब्रिक’. छापलं होतं, ‘कापड उलटे करा.’ सुई रुतलेली असताना कापड उलटं करायला गेलं तर एक तर सुई मोडेल किंवा कापड फाटेल. इथे कापड टेबलावर सपाटच राहतं, फक्त सुईला खुंटीसारखं धरून तिच्याभोवती सरकतं. आम्ही लिहिलं, ‘कापड सुईभोवती फिरवून पुढची कड समोर आणा.’ हा ‘फिरवणे’ मात्र अस्सल, जागेवरचा.

दोन ओळी खाली ‘टर्न अंडर द एज’. छापील मराठी: ‘कड खाली फिरवा.’ यावर बाई काहीच बोलल्या नाहीत. पेन्सिलीनं खोडून ‘कड आत दुमडा’ लिहिलं आणि पुढे गेल्या.

मग ती ओळ आली. इंग्रजीत ‘टर्न राइट साइड आउट’ आणि मराठीत ‘उजवी बाजू बाहेर वळवा’. पिशवी शिवून झालेली आहे, टिपा आतून मारलेल्या आहेत, आता ती सुलट करायची. ‘राइट साइड’ म्हणजे कापडाची सुलट, दिसायची बाजू. डाव्या-उजव्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. मूळ चारही शब्द चिमुकले, चौघांचेही अर्थ भाषांतरकाराला ठाऊक, आणि चौघे मिळून त्याला खड्ड्यात घालून गेले. मराठीला यासाठी दोन शब्द पुरतात: सुलट करा. त्यात ‘टर्न’ही आला, ‘राइट साइड’ही आणि ‘आउट’ही.

राहिलेल्या जागा फुटकळ होत्या. ‘मोटर बंद करा’ हे बरोबरच होतं. ‘टर्न ऑफ’ला कुणी फसत नाही. ‘पान 14 कडे वळा’ याचं ‘पान 14 पाहा’ केलं. पान आपण उलटतो, त्याच्याकडे वळत नाही.

शब्दाकडे थोडं निरखून

पानाचं काम संपलं तरी मला त्या शब्दाचा नाद सुटेना. ‘टर्न’चं मूळ लॅटिन ‘तोर्नारे’ या क्रियापदात, म्हणजे लेथवर धरून घडवणे. आणि ते ज्या ‘तोर्नुस’पासून आलं तो ग्रीक ‘तोर्नोस’, लेथ किंवा वर्तुळ आखायचं साधन. म्हणजे शब्दाच्या मुळाशी एक हत्यार आहे, आणि त्यावर फिरून आकार घेणारं लाकूड. कारखान्यात लेथवर काम करणाऱ्याला आजही ‘टर्नर’ म्हणतात. लाकूड लेथवर फिरतं आणि फिरता फिरता खांब होतं, वाटी होतं. मला वाटतं इंग्रजी ‘टर्न’च्या अंगी हे दुहेरीपण भिनलेलं आहे. तो फिरणंही सांगतो आणि फिरून काहीतरी वेगळं होणंही: पानं पिवळी होतात तेव्हा ‘टर्न’, माणूस चाळिशीचा होतो तेव्हा ‘टर्न’, पाण्याची वाफ होते तेव्हाही.

गंमत म्हणजे मराठीतही असाच एक कारागिरीचा शब्द आहे. लेथवर लाकूड घडवणारा तो कातारी आणि घडवलेलं ते कातीव. कातणं सुताचंही असतं. इंग्रजीत सूत कातण्याचा शब्द ‘स्पिन’. गरगर फिरण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला. आपण चेंडूच्या ‘स्पिन’ला ‘फिरकी’ म्हणतो आणि ते किती चपखल आहे याचा विचारही करत नाही. ‘रोटेट’च्या पोटात लॅटिन ‘रोता’ म्हणजे चाक, आणि त्या ‘रोता’चा दूरचा भाऊबंद संस्कृत ‘रथ’. भूगोलात पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्याला ‘परिवलन’ आणि सूर्याभोवतीच्या फिरण्याला ‘परिभ्रमण’ असे दोन शब्द पोरं पाठ करतात, कारण बोलीत दोन्हींना ‘फिरणे’च म्हणतात आणि परीक्षेत तेवढ्यावर गुण मिळत नाहीत.

म्हणजे आपला ‘फिरणे’ काही कमी ऐसपैस नाही. पाय मोकळे करायला आपण फिरायला जातो, रागानं डोकं फिरतं, दिलेला शब्द फिरवता येतो, मित्र पाठ फिरवतो, मायेनं पाठीवरून हात फिरतो आणि केलेल्या कामावर बोळा फिरतो. यातलं ‘पाठ फिरवणे’ सोडलं तर बाकी ठिकाणी इंग्रजी ‘टर्न’ ठेवून बघा, वाक्य कोसळेल. दोन्ही शब्द लठ्ठ आहेत, पण लठ्ठपणा वेगवेगळ्या अंगाला आहे. ‘फिरणे’ हालचालीच्या बाजूनं पसरला, इकडून तिकडे, वरून खाली, दारोदार. ‘टर्न’ परिणामाच्या बाजूनं पसरला. हालचाल संपल्यावर वस्तूचं काय झालं, तिचं तोंड कुठे आहे, ती उलटी आहे की सुलटी, ती तीच आहे की दुसरी झाली, हे सगळं त्यानं एकट्यानं पोटात घेतलं आहे. मराठी ती प्रत्येक गोष्ट वेगळ्या क्रियापदाकडे सोपवते: वळणे, उलटणे, दुमडणे, पिळणे, मुरडणे, पालटणे, होणे. आणि खेळात ‘माझा टर्न’ आला की ती थेट ‘पाळी’वर जाते.

म्हणून ‘टर्न’ दिसला की मी आता एकच प्रश्न विचारतो: काम झाल्यावर ती वस्तू कशी दिसेल? चाक होतं तिथेच आणि तसंच दिसणार असेल तर फिरवा. तोंड दुसरीकडे झालं असेल तर वळवा. पाठ वर आली असेल तर उलटा. स्वतःवरच घडी पडली असेल तर दुमडा. दोऱ्यासारखी स्वतःभोवतीच आवळली गेली असेल तर पिळा. स्क्रूच्या खाचेनं दाखवून दिलं तसा हा प्रश्नही दर वेळी पुरत नाही. तिथे दिशाही विचारावी लागते.

सुधारलेलं पान बाईंनी वर्गात नव्यानं आलेल्या एका मुलीसमोर ठेवलं. ती वाचत वाचत करत गेली. चाकाच्या ओळीवर थांबली नाही, तळवा ठेवला आणि ओढलं. कोपऱ्यावर सुई खाली रुतवून कापड फिरवलं. स्क्रूपाशी अडखळली: “बाई, खाच आधीच तिरकी असेल तर?” बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ‘उभी खाच आडवी झाली की थांबा’ खोडून ‘फेऱ्याचा चौथा भाग झाला की थांबा’ केलं आणि शेजारी एक छोटं चित्र मागवलं.

दोन दिवसांनी कंपनीकडून शब्दसूचीचा तक्ता आला, पुढच्या पुस्तिकांसाठी. डाव्या रकान्यात इंग्रजी शब्द, उजव्या रकान्यात मराठी. ‘टर्न’पुढची चौकट रिकामी होती. मी तिथे लिहिलं, ‘वाक्य पाहून ठरवा’. संध्याकाळी तक्ता परत आला, त्या चौकटीला पिवळा रंग देऊन आणि सोबत शेरा: ‘कृपया एकच शब्द द्यावा.’ मी तो तसाच पुन्हा पाठवला आहे.